मास्तरांची नाडीपरीक्षा

मास्तरांना इलॅस्टिकचा राग होता. राग कसा, तर एखाद्याला भाऊबंदांचा असतो तसा. दुकानात कुणी चुकून तो शब्द काढला की मशीन थांबायचं, चष्मा कपाळावर चढायचा आणि मास्तर सुरू व्हायचे, "हूक तुटतो, बटण उडतं, शिवण उसवते. ती बिचारी बोंबलून सांगतात, बाबा रे, तू वाढलास. इलॅस्टिक एक अक्षर बोलत नाही. गुपचूप ताणत राहतं. घरातला माणूस असा असला तर तुम्ही त्याला घरात ठेवाल का?"

हे मास्तर शाळेतले नव्हेत. डहाणूजवळ मसोलीच्या रस्त्यावर त्यांचं शिवणाचं दुकान होतं आणि आसपासच्या बऱ्याच शाळांचे गणवेश त्यांच्याकडे शिवायला असायचे. वय पन्नाशीचं, अंगानं काडी, कानामागे खडू, गळ्यात टेप. दुकानावर त्यांच्या नावाची पाटी होती, पण मसोलीपासून पार वरोरपर्यंत सगळी माणसं त्यांना मास्तरच म्हणायची.

मुलींची मापं मास्तरांची बायको घ्यायची. तिला आम्ही काकी म्हणायचो. दुकानाच्या मागच्या भागात एक फुलाफुलांचा पडदा होता, त्याच्या आड काकी टेप धरायच्या आणि पडद्याच्या अलीकडे मास्तर वही घेऊन बसायचे. काकींचा आवाज असा, की त्यांनी कमरेचा आकडा सांगितला तर रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्यांनाही तो पाठ व्हावा. म्हणून मास्तरांनी आकडे बंद केले आणि स्टेशनं आणली. सव्वीस इंच म्हणजे घोलवड. अठ्ठावीस म्हणजे डहाणू. मग वाणगाव, बोईसर, उमरोळी, पालघर, अशी गाडी दोन-दोन इंचांनी विरारकडे जायची. बाहेर बसलेल्यांना वाटायचं, नवराबायको पाहुण्यांचं जाण्यायेण्याचं ठरवतायत. आणि कुणी हसलाच, तर मास्तर त्याला उभं करून त्याचं माप रोखठोक आकड्यात, मोठ्यानं, रस्त्याला ऐकू जाईल असं वाचायचे. त्या दुकानात दुसऱ्यांदा कुणी हसलेलं मला आठवत नाही.

मी त्यांच्या तावडीत सापडले दोन हजार पंधरा सालच्या जूनमध्ये. तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि नववीत जाणार होते. शाळेत मला टेम्पो म्हणायचे. आमची डहाणू गावाच्या बाजूला चिकूची वाडी. घरात खाण्यापिण्याला तोटा नव्हता. सकाळी चिकूचं मिल्कशेक, त्यात वर दोन चमचे साखर, दुपारी वेफर्स, रविवारी फाफडा-जिलेबी आणि शाळेत जायला-यायला बाबांची स्कूटर. आईला याचा अभिमान होता. "खात्यापित्या घरची दिसते पोरगी," असं ती पाहुण्यांना सांगायची, जणू मी दारात लावलेलं तोरण होते.

"उमरोळी!" काकी पडद्याआडून ओरडल्या.

पलीकडे पेन्सिल थांबली. "गेल्या साली वाणगावला होती ना ही?"

"होती. आता उमरोळी."

"नाडी लावून बघ."

नाडी म्हणजे साधी सलवारीची पांढरी नाडी. मुलाच्या उंचीएवढी कापायची, मधोमध दुमडायची आणि ती दुमडलेली नाडी कमरेभोवती फिरवायची. टोकं भेटली तर ठीक. नाही भेटली तर मास्तर कपडा सुखासुखी शिवून देत नसत. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा वाढता कामा नये, हे त्यांना कुण्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं आणि त्यांनी ते वेदवाक्य मानलं होतं. गावात याला मास्तरांची नाडीपरीक्षा म्हणायचे.

माझी टोकं भेटेनात. मध्ये माझ्या हाताचा पंजा बसेल एवढी फट राहिली. तेवढ्यात काकींनी माझी वेणी बाजूला केली आणि मान पाहिली. मानेवर मागच्या बाजूला काळा, जाडसर पट्टा होता. आई त्याला मळ समजायची. बेसन, लिंबू, दगड, नारळाची शेंडी, सगळं वापरून झालं होतं. रविवारच्या आंघोळीला माझ्या मानेची जी घासणी चालायची, तेवढी आमच्या घरातल्या तांब्याच्या हंड्याचीही होत नसे.

मास्तर आईला म्हणाले, "ताई, तो मळ नाही. पोरीला घासू नका. साखरेच्या आधी असा पट्टा येतो. डॉक्टरांना दाखवा."

"साखर?" आईचा आवाज चढला. "चौदा वर्षांच्या पोरीला? मास्तर, तुम्ही कपडे शिवा. माझ्या पोरीची मान मी बघेन."

"शिवतो की. लांबीला माया ठेवतो, हवी तेवढी. कमरेला नाही ठेवणार."

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, पुढे उसवून कपडा वाढवता यावा म्हणून. वाढत्या मुलांच्या आयांना ती हवीच असते. आईनं कापडाची पिशवी उचलली, माझा हात धरला आणि जाता जाता म्हणाली, "इलॅस्टिक घालून शिवणारे पुष्कळ आहेत बाजारात."

मास्तरांच्या तोंडावर कुणी थुंकलं असतं तरी त्यांना इतकं लागलं नसतं.

घरी येईपर्यंत आईनं ठरवून टाकलं. "उद्याच तुला डॉक्टरांकडे नेते. रिपोर्ट घेते आणि त्या शिंप्याच्या टेबलावर आपटते." माझ्या तब्येतीसाठी नव्हे, शिंप्याचं नाक कापण्यासाठी मी दवाखान्यात गेले.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी माझी मान पाहिली आणि आईला विचारलं, "मसोलीच्या मास्तरांनी पाठवलं का?"

आईनं माझी वेणी पुन्हा मानेवर ओढली.

"या महिन्यातली ही तिसरी," बाई म्हणाल्या. "त्यांना नाडीचं मीच सांगितलं होतं. शुगरचे पेशंट आहेत ते, आमच्या घरचे कपडेही शिवतात. स्वतःच्या डॉक्टरचं काडीचं ऐकत नाहीत, पण बाकी गावाला ऐकायला लावतात."

उपाशीपोटी रक्त घेतलं. रिपोर्ट आला. मधुमेह झालेला नव्हता, पण तो उंबरठ्यावर येऊन चपला काढत होता. बाई म्हणाल्या, आत्ता औषध नको, पण आत्ता ऐकलं नाही तर पुढे औषध सुटणार नाही. गोड पेयं बंद, वेफर्स बंद, रोज तासभर पाय हलले पाहिजेत आणि एकट्या मुलीनं नाही, सगळ्या घरानं. मग बाईंनी आईकडे पाहून विचारलं, "तुम्ही कधी तपासलंय?" आई म्हणाली, "मला काय धाड भरलीय?"

त्या संध्याकाळी आई चिडली ती भलतीच. मास्तर चुकले असते तर तिनं त्यांना दोन दिवसांत माफ केलं असतं. ते बरोबर निघाले, हे ती पुढे चार वर्षं विसरली नाही. पण कापड निमूटपणे त्यांच्याकडेच गेलं, माझ्या हातून. आई दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली.

मास्तरांनी कापड घेतलं. वर पाहिलं नाही. "उद्या ये," म्हणाले. "आणि स्कूटरवर नको येऊ. स्कूटरवर बसलं की माप बिघडतं."

मी चालत गेले. वीस-पंचवीस मिनिटांची वाट. मास्तर म्हणाले, "काजं राहिलीत. उद्या ये." दुसऱ्या दिवशी बटणं मिळेनात. तिसऱ्या दिवशी निळा दोरा संपला होता, आणि हे सांगताना मास्तरांच्या मागच्या भिंतीवर निळ्या दोऱ्याची रिळं रांगेनं उभी होती. मग इस्त्री बिघडली. मग काकींचा उपवास निघाला, आणि उपवासाचा माझ्या स्कर्टशी काय संबंध, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. कधी ते मलाच पिटाळायचे, "जा, डहाणू गावातून हुकाचं पाकीट घेऊन ये. रिक्षानं जाऊ नकोस, हूक हरवतात." पावसाळा सुरू झाला, शाळा सुरू झाली, मी गेल्या सालच्या स्कर्टला सेफ्टीपिन लावून वर्गात बसत होते, आणि रोज संध्याकाळी छत्री घेऊन मसोलीला जाऊन "उद्या ये" ऐकून परत येत होते.

तिथंच मला केतन भेटला. तो बाजारातल्या फरसाणवाल्या शेठचा मुलगा, माझ्याच वयाचा. त्याचीही पँट अडकली होती. त्याचे वडील एकदा स्वतः आले आणि गुजराती-मराठीची भेळ करत म्हणाले, "मास्तर, एक पाटलून साठी मारो छोकरो दीड महिना चालतो! गोलमटोल आहे ने, सारु दिसते. तुमच्या पोटात काय दुखते?"

मास्तर म्हणाले, "शेठ, तुमच्या कढईतलं तेल तुम्ही किती दिवसांनी बदलता?"

शेठ पावसावर बोलायला लागले आणि बोलत बोलतच निघून गेले.

या सगळ्यात मी एक मूर्खपणा केला. टोकं लवकर भेटून सुटका व्हावी म्हणून जेवणच सोडलं. चार दिवस सकाळी चहा आणि रात्री अर्धी चपाती. पाचव्या दिवशी दुकानाच्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. काकींनी पाणी मारलं. मास्तर इतके संतापले, की त्यांनी हातातली कात्री टेबलावर आपटली. "उपाशी मरायला कुणी सांगितलं तुला? कापड जास्त झालं म्हणून मी कपडा जाळतो का? खा! भाकरी खा, डाळ खा, भाजी खा, मासळी खा. चिकूसुद्धा खा, एखादा. पण चिकूत साखर घालू नको. चिकूत साखर घालणारा माणूस आणि समुद्रात मीठ टाकणारा माणूस, दोघांना एकाच दवाखान्यात ठेवायला पाहिजे." त्या दिवशी काकींनी मला समोर बसवून नाचणीची भाकरी आणि कोलंबीचं कालवण पोटभर खाऊ घातलं आणि मास्तर शेवटच्या घासापर्यंत समोर राखणीला बसले.

ऑगस्टच्या सुरुवातीला भांडं फुटलं. मास्तर मागच्या घरात गेले होते. केतनला कपाटातून एक ओळखीची खाकी पट्टी डोकावताना दिसली. आम्ही कपाट उघडलं. त्याची पँट आणि माझा स्कर्ट, दोन्ही शिवून, काजंबटणं लावून, इस्त्री करून, नावाच्या चिठ्ठ्या टाचून ठेवलेले होते. चिठ्ठीवर तारीख होती जूनची.

मास्तर दारात उभे. केतन ओरडला, "चोर!"

"चोर तर चोर," मास्तर शांतपणे म्हणाले आणि मशीनवर बसले. "शिंप्यानं कपडा वेळेवर दिला असं कधी ऐकलंय का रे? म्हणून तर कुणाला संशय आला नाही. तुम्हाला सांगितलं असतं, रोज तासभर चाला, तर चालला असतात?"

खरं म्हणजे आम्हाला राग यायला हवा होता. पण एव्हाना संध्याकाळ झाली की आमचे पाय आपोआप मसोलीकडे वळत होते, वाटेत गप्पांना एकमेकांची सोबत होती, आणि दुकानात मला टेम्पो म्हणणारं कुणी नव्हतं. आम्ही कपाट बंद केलं. घरी काही सांगितलं नाही. "काय झालं आज?" आईनं विचारलं. "काजं राहिलीत," मी म्हणाले. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी मास्तरांनी कपडे दिले. स्कर्ट मापापेक्षा इंचभर कमी कापला होता. झेंडावंदनाला मी अख्खं राष्ट्रगीत पोट आत घेऊन म्हटलं, पण हूक लागला होता.

कपडे मिळाले तरी आम्ही जात राहिलो. अशाच एका दुपारी, शाळा लवकर सुटली होती म्हणून मी एकटीच गेले, तर मास्तर मशीन चालवत होते आणि पायाखालच्या पायडलवर रक्त होतं. थेंब नव्हे, चांगला ओघळ. मी किंचाळले. मास्तरांनी खाली पाहिलं, अनवाणी पाय उचलला, तळव्यात रुतलेली टाचणी उपटली आणि म्हणाले, "आत्ता सापडली! सकाळपासून शोधतोय हिला."

"दुखलं नाही?"

"नाही ना. साखरेनं पाय बधिर झालेत. तीच तर गंमत."

ती गंमत नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. काकी धावत आल्या, हळद, कापूस, शिव्या, सगळं एकदम सुरू झालं. पाय बांधून झाल्यावर मास्तर मला म्हणाले, "तुझ्याएवढा असताना मी चांगला जाडजूड होतो. खोटं वाटेल तुला. मानेवर तुझ्यासारखाच पट्टा होता. माझी आई वाळूनं घासायची, समुद्रावर नेऊन. कुणी सांगितलंच नाही, तो मळ नाही म्हणून. तिशीत कळलं, तोवर बरंच आत शिवून झालं होतं." मग लगेच चष्मा कपाळावर चढवून, "रडतेस काय? टाचणी माझ्या पायात होती."

त्या दिवशी मी घरी गेले आणि मिल्कशेकचा ग्लास मागे सारला. डॉक्टरीणबाईंनी समजावून जे झालं नव्हतं, ते त्या पायडलनं केलं.

त्याच वर्षी तलासरीकडच्या एका निवासी शाळेच्या गणवेशांचं काम मास्तरांना मिळालं. मुलींची मापं घ्यायला काकींना मदत हवी होती, म्हणून मलाही नेलं. मास्तर वाटभर उत्साहात होते. पिशवीत नाडीचं अख्खं बंडल घेतलं होतं, पाहू म्हणाले, तिकडच्या पोरांची काय परिस्थिती आहे.

पहिल्या मुलाला नाडी गुंडाळली. टोकं भेटली, एकमेकांवरून पुढे गेली आणि वीतभर लोंबत राहिली. दुसऱ्याची तशीच. दहा-बारा मुलांनंतर मास्तरांनी नाडी पिशवीत ठेवून दिली आणि नुसत्या टेपनं मापं घेतली. काकीही त्या दिवशी हळू आवाजात बोलत होत्या. घोलवडच्या पलीकडची, सव्वीस इंचांच्या खालची स्टेशनं त्यांनी ठरवलीच नव्हती.

परतताना विवळवेढ्याला, महालक्ष्मीच्या देवळापाशी जीप थांबली. हायवेच्या कडेला टपरीवर वेफर्सच्या माळा लटकत होत्या. मास्तर त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "इकडे नाडी पुरत नाही, तिकडे उरते. आणि या माळा दोन्हीकडे पोचल्या." ते गणवेश मात्र त्यांनी ठरल्या दिवशी, एक दिवसही न थांबवता दिले. काकींनी मला एक चड्डी उलटी करून दाखवली. मास्तरांनी कमरेला दोन्ही बाजूंनी भरपूर माया ठेवली होती.

पुढच्या जूनमध्ये माझी टोकं भेटली. मी काही बारीक झाले नव्हते. थोडी कंबर उतरली होती आणि बरीचशी मी उंच झाले होते. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त तपासलं, साखर उंबरठ्यावरून खाली उतरली होती. मानेवरचा पट्टाही फिकट होत गेला. केतनची टोकं त्या साली भेटली नाहीत, बोटभर राहिली. मास्तरांनी त्याची पँट शिवली आणि म्हणाले, "बोटभर उधार." शेठनी मात्र मुलाला दुपारी गल्ल्यावर बसवणं बंद केलं आणि सायकल घेऊन दिली. आमच्या घरात रविवारची जिलेबी महिन्यावर गेली. बाबांनी आधी कुरकुर केली, मग वाडीत चोरून खायला लागले, मग पकडले गेले. आईनं सगळं केलं, पण मास्तरांच्या दुकानाची पायरी काही चढली नाही. ब्लाउज शिवायला ती रिक्षा करून दुसरीकडे जायची.

दोन हजार एकोणीसमध्ये, माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात, मास्तरांच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. काहीतरी लागलं होतं, ते त्यांना कळलंच नाही आणि जखम चिघळली. मी दवाखान्यात भेटायला निघाले तर आई म्हणाली, "थांब, मीही येते." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

दुपारची वेळ होती. काकी डबा ठेवून औषधं आणायला गेल्या होत्या. मास्तर खाटेवर बसून वॉर्डबॉयला त्याच्या बुशकोटाची कॉलर कशी चुकली आहे ते समजावत होते. आईला पाहून त्यांनी एकदम चादर नीट केली.

आई उभ्याउभ्याच म्हणाली, "मास्तर, तेव्हा मी फार बोलले तुम्हाला. शिंपी काय, कपडे शिवा काय."

"शिंपीच आहे मी, ताई," मास्तर म्हणाले. "डॉक्टर असतो तर तुम्ही मान हलवून घरी गेला असता. शिंप्यानं सांगितलं म्हणून तर तणतणत तपासायला गेलात."

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "परवा मीही रक्त दिलं. आला रिपोर्ट. हिला माहीत नाही, हिच्या बाबांनाही नाही सांगितलं अजून."

मास्तरांनी चष्मा लावून कागद वाचला, खालपर्यंत, दोनदा. मी वाट पाहत होते की आता ते सुरू होतील. साखर, तेल, चालणं, सगळं. पण त्यांनी कागदाची घडी तशीच पुन्हा घातली आणि आईला परत दिली. मग बँडेज बांधलेला पाय दोन्ही हातांनी उचलून कडेला घेतला आणि खाटेवर जागा केली.

"बसा, ताई," ते म्हणाले. "डब्यात दुधीची भाजी आहे. मला एकट्याला जात नाही ती. दोघं मिळून खाऊ."